कुत्रा चावल्यावर घेतलेली लस काम कशी करते, आणि उशीर झाला की का करत नाही

लस आजार व्हायच्या आधी घ्यायची असते हे आपल्याला लहानपणापासून माहितीये. बाळाला गोवरची लस देतात ती गोवर झाल्यावर देत नाहीत, पोलिओचे डोस पण तसेच. मग कुत्रा चावल्यावर, म्हणजे व्हायरस अंगात शिरल्यावर घेतलेली लस लागू कशी पडते? आणि तीच लस लक्षणं दिसायला लागल्यावर घ्यायला गेलं तर डॉक्टर हात टेकतात, असं का? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि तो अगदी नेमका प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर कळलं की दवाखान्यात जे जे सांगतात ते का सांगतात हे पण कळतं, जखम पंधरा मिनिटं धुवा, लगेच टाके घालायचे नाहीत, सिरम (म्हणजे तयार अँटीबॉडी) जखमेतच द्यावं लागेल, अठ्ठाविसाव्या दिवशी पण या, सगळंच. म्हणून रेबीजच्या व्हायरसबद्दल जरा सविस्तर लिहितोय, अगदी त्याच्या प्रोटीनपर्यंत जाऊन. सायन्स सोडून वर्षं झाली असतील तरी हरकत नाही, याची प्रोटीन्स पाचच आहेत.

आधी हा दिसतो कसा ते बघू. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रेबीजचा व्हायरस बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो, एक टोक गोल आणि दुसरं सपाट. लांबी साधारण १८० नॅनोमीटर, जाडी ७५ च्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे साडेपाच हजार एकामागे एक मावतील. बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं आणि हे आवरण त्याने स्वतः बनवलेलं नसतं, ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्याच पडद्याचा तुकडा अंगाभोवती घेऊन तो निघालेला असतो. साबणाची गोष्ट इथेच येते. साबण चरबी विरघळवतो, आवरण फाटलं की त्यात रोवलेली प्रोटीन्स निखळतात आणि मग तो व्हायरस कुठल्याच पेशीत शिरू शकत नाही. वाहतं पाणी आणि साधा साबण, सलग पंधरा मिनिटं, यातून जखमेतला व्हायरस खरोखर मरतो आणि वाहून जातो, आणि हे दवाखान्यात पोचायच्या आधी, घरच्या मोरीत, कुणालाही करता येतं. याउलट जखमेत तिखट, चुना, हळद भरणं, वरून घट्ट पट्टी बांधणं, हे अजूनही चालतं आणि ते बघून जीव तुटतो, कारण त्या चोळण्यात व्हायरस मांसात आणखी खोल जातो आणि धुवायची वेळ पण जाते ती वेगळीच.

आवरणाच्या आत काय, तर आरएनएचा एक धागा, जवळपास १२,००० अक्षरांचा. आपल्या डीएनएत ३०० कोटी अक्षरं आहेत, त्या मानाने हे काहीच नाही. त्या १२,००० अक्षरांत पाच जीन्स, ठरलेल्या क्रमाने: एन, पी, एम, जी आणि एल. एन हे प्रोटीन आरएनएच्या धाग्याला पूर्णपणे गुंडाळून ठेवतं, जेणेकरून पेशीला तो उघडा सापडू नये. एल हे मोठं एन्झाइम, आरएनएच्या प्रती काढणारं, आणि पी त्याचं मदतनीस (पी आणखी एक उद्योग करतं, तो पुढे सांगतो). एम व्हायरसला आकार देतं आणि पेशीतून बाहेर पडायला मदत करतं. आणि जी म्हणजे ग्लायकोप्रोटीन, जे आवरणावर बाहेर काट्यांसारखं उभं असतं, तीन-तीनच्या जुडग्यात. आपली लस, आपलं सिरम, आपल्या अँटीबॉडीज, सगळ्यांचं लक्ष्य हेच एक ग्लायकोप्रोटीन, कारण बाहेरून हात लावता येईल असं व्हायरसचं तेवढंच आहे.

अजून एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. या व्हायरसचा आरएनए उलट्या अर्थाचा असतो, म्हणजे आपल्या पेशीतले रायबोसोम तो थेट वाचून प्रोटीन बनवू शकत नाहीत, आधी त्याची पूरक प्रत काढावी लागते आणि आरएनएवरून आरएनए काढायचं हे काम करणारं एन्झाइम आपल्या पेशीकडे त्याच्यासाठी नाही. म्हणून तो आपलं एल प्रोटीन सोबत घेऊनच येतो. नुसता त्याचा आरएनए पेशीत सोडला तर काहीच होणार नाही, पडून राहील आणि तुटून जाईल.

आता चावा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत व्हायरस असतो, दात लागला की लाळ कातडीखाली, बऱ्याचदा स्नायूपर्यंत जाते. इथे व्हायरस काही दिवस, काही वेळा कित्येक आठवडे राहतो, स्नायूच्या पेशींत थोडा वाढतो पण फार नाही. रक्तात तो जवळपास जातच नाही. डेंग्यू, गोवर, कोविड या सगळ्यांत कमी-जास्त प्रमाणात रक्ताचा, लसिकेचा (लिम्फचा) रस्ता असतो, आणि रक्तात गेलं की इम्यून सिस्टिमच्या नजरेत येणं आलंच, ताप येतो, अँटीबॉडी बनायला लागते. रेबीजचा व्हायरस त्या वाटेला जात नाही, तो नस शोधतो. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, चेतातंतू, नर्व्ह.

जिथे चेतापेशीचं टोक स्नायूला येऊन मिळतं तिथे स्नायूच्या बाजूला अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन धरणारी प्रोटीन्स, दाटीने बसलेले असतात, मेंदूचा "हल" हा निरोप स्नायूपर्यंत पोचतो तो याच रिसेप्टरमुळे. नाग, मण्यार यांच्या विषातली काही टॉक्झिन्स नेमकी याच रिसेप्टरला चिकटतात आणि म्हणून साप चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. आता गंमत नाही तर थक्क करणारी गोष्ट बघा, रेबीजच्या ग्लायकोप्रोटीनचा एक छोटा भाग या सापाच्या टॉक्झिनच्या चिकटणाऱ्या भागाशी मिळताजुळता आहे, अमायनो आम्लांचा क्रम लावून बघितला तर साम्य दिसतं, १९८० च्या दशकात हे लक्षात आलं. म्हणजे साप आणि व्हायरस, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, पण दोघंही एकाच रिसेप्टरपर्यंत पोचले. त्या रिसेप्टरला धरून व्हायरस चेतापेशीच्या टोकाजवळ गोळा होतो आणि मग चेतापेशीवरच्या इतर रिसेप्टरना चिकटून आत जातो, त्यातले एनसीएएम आणि पी७५ ही दोन नावं जास्त अभ्यासलेली आहेत.

आत जातो म्हणजे पेशी त्याला स्वतःच आत ओढते. पडद्याचा खळगा होतो, त्याची पिशवी बनते आणि व्हायरस त्या पिशवीत बसून आत. पुढची गोष्ट समजायला चेतापेशीची लांबी डोळ्यासमोर आणा. पोटरीचा स्नायू हलवणारी जी चेतापेशी आहे तिचं मुख्य शरीर पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत आहे आणि तिचा एकच तंतू तिथून निघून खाली पोटरीपर्यंत आलेला असतो, जवळपास मीटरभर लांब, एकच पेशी! एवढ्या लांब पेशीत टोकाकडून शरीराकडे माल न्यायची सोय लागतेच, तंतूच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाचे लांब दोरे असतात आणि त्यांच्यावरून डायनिन नावाचं मोटार प्रोटीन पिशव्या ओढत नेतं, टोकाकडून कण्याकडे. वाढीचे सिग्नल याच वाटेने वर जातात, पी७५ हा त्याच सिग्नलचा एक रिसेप्टर आहे. व्हायरस त्याच पिशव्यांत बसतो. स्वतः काही पोहत नाही, धावत नाही, पेशीची स्वतःची वाहतूक त्याला दिवसाला काही सेंटीमीटर या वेगाने मज्जारज्जूकडे नेते.

हे कळलं की दवाखान्यात चावा कुठे आहे हे इतकं बारकाईने का विचारतात ते कळतं. पायाला चावलं तर अंतर मोठं आहे, चेहऱ्याला किंवा मानेला चावलं तर मेंदू वीतभर अंतरावर आहे. बोटांच्या टोकांना चेतातंतू खूप दाट असतात म्हणून हाताचे चावेही गंभीर धरतात. आणि लहान मुलं... कुत्र्याचं तोंड आणि चार वर्षांच्या मुलाचा चेहरा साधारण एकाच उंचीवर येतात, त्यामुळे मुलांना चावे डोक्याला, तोंडाला बसतात, अंग लहान म्हणून अंतरही कमी, आणि पुष्कळदा मूल घरी सांगतच नाही, ओरडतील म्हणून. जगात रेबीजने जाणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलांना हे एक वाक्य जरूर सांगून ठेवा की कुत्रा चावला, नख लागलं, काहीही झालं तरी घरी येऊन सांगायचं, कोणी रागावणार नाही.

चावल्यापासून लक्षणांपर्यंतचा काळ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांचा असतो, कधी आठवडाभर तर कधी वर्षभर, क्वचित त्याहून जास्त. ही जी मधली मुदत आहे ना, सगळं उत्तर याच्यातच आहे. फ्लूत व्हायरस इतक्या झपाट्याने वाढतो की आज लस घेऊन पुढच्या आठवड्यात अँटीबॉडी तयार होईपर्यंत आजार होऊनही जातो. रेबीजमध्ये व्हायरस स्नायूत रेंगाळतो, आणि इतक्या कमी प्रमाणात असतो की इम्यून सिस्टिमला त्याची दखलच घेता येत नाही. लक्षणं सुरू होतात तेव्हाही बऱ्याच रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी सापडत नाहीत! मग आपण काय करतो, तर मारलेला व्हायरस भरपूर प्रमाणात दंडात टोचतो, म्हणजे इम्यून सिस्टिमला ग्लायकोप्रोटीन नीट दिसावं अशा जागी आणि अशा मात्रेत. सात ते चौदा दिवसांत अँटीबॉडी तयार होतात, रक्तातून जखमेच्या जागी पोचतात, आणि नसेबाहेर जो व्हायरस अजून आहे त्याच्या काट्यांना चिकटून त्याला निकामी करतात. काटे झाकले गेले की रिसेप्टर धरता येत नाही, नसेत जाता येत नाही, संपलं.

पण ते पहिले सात दिवस? त्या दिवसांत व्हायरस थांबलेला असेलच असं नाही. म्हणून कातडी फाटून रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर लसीसोबत सिरम द्यायचं असतं, सिरम म्हणजे तयार अँटीबॉडी, माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेल्या, आणि आता प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटीबॉडी पण आल्यात, त्यातली एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. हे सिरम दंडात देऊन चालत नाही, जखमेच्या आत आणि भोवती सुईने भरावं लागतं, कारण व्हायरस तिथे आहे. दुखतं, फार दुखतं, विशेषतः बोटाला, आणि म्हणून लोक "नको, नुसती लस द्या" म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. लस पुढच्या आठवड्यापासूनचं बघते, हा आठवडा सिरम बघतं. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत त्याचंही कारण हेच, सुई आत-बाहेर करताना व्हायरस नव्या चेतातंतूंपर्यंत पोचू शकतो, टाके घालणं भागच असेल तर आधी सिरम भरतात. आणि ३, ७, २८ असे पुढचे दिवस चुकवायचे नसतात ते अँटीबॉडीची पातळी टिकावी म्हणून. दवाखान्यात कातडीत देतात की स्नायूत देतात त्यावर वेळापत्रक थोडं बदलतं, तुमच्या केस पेपरवर जे लिहिलंय ते पाळायचं.

आता समजा यातलं काहीच झालं नाही आणि व्हायरस मज्जारज्जूत पोचला. पिशवीच्या आतलं वातावरण आम्लधर्मी होतं, ग्लायकोप्रोटीन आपला आकार बदलतं, व्हायरसचं आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळतं आणि आरएनएचा गुंडाळलेला धागा पेशीत मोकळा होतो. एल प्रोटीन कामाला लागतं. ते धाग्याच्या एका टोकापासूनच सुरुवात करू शकतं, एनपासून, आणि प्रत्येक जीन संपली की पुढच्या जीनवर जाताना काही एन्झाइम्स गळतात. लांबच्या पल्ल्याची एसटी पहिल्या स्टँडवरून भरून निघते, प्रत्येक थांब्यावर काही जण उतरतात आणि शेवटच्या गावाला मोजकेच पोचतात, तसं. त्यामुळे एन सगळ्यात जास्त बनतं, मग पी, एम, जी, आणि एल सगळ्यात कमी. आणि गरजही नेमकी तशीच आहे, गुंडाळायला एन हजारोंनी लागतं, एन्झाइम थोडं पुरतं. कुठलं प्रोटीन किती बनवायचं याचा हिशोब करणारी वेगळी यंत्रणा याच्याकडे नाहीच, जीन्सचा क्रम हाच हिशोब. मला या व्हायरसबद्दल वाचताना दरवेळी इथे थांबायला होतं, इतकं थोडक्यात काम भागवलंय.

हे सगळं पेशीत जिथे चालतं त्या जागा १९०३ मध्येच दिसल्या होत्या. आदेल्की नेग्री या इटालियन डॉक्टरला मेलेल्या जनावरांच्या मेंदूच्या पेशींत गोल ठिपके दिसले, त्याला वाटलं हाच रोगाचा जंतू. पुढे कित्येक दशकं पॅथॉलॉजीत नेग्री बॉडी दिसली की रेबीज नक्की असं निदान होत राहिलं. गेल्या वीसेक वर्षांत कळलं की हे ठिपके म्हणजे व्हायरसच्या आरएनएच्या प्रती काढायचे अड्डे आहेत, एन आणि पी प्रोटीन एकत्र येऊन त्यांचे थेंब बनतात, पाण्यात तेलाचे थेंब वेगळे राहतात त्याच भौतिक नियमाने, त्यांना पडदा वगैरे काही नसतो.

आता पीचा दुसरा उद्योग. कुठल्याही पेशीत परका आरएनए आला की पेशीला तो कळतो, त्यासाठी सेन्सर असतात. सेन्सर वाजला की आयआरएफ-३ नावाचं प्रोटीन चालू होतं, केंद्रकात जातं आणि इंटरफेरॉन बनवायचा हुकूम देतं. इंटरफेरॉन बाहेर पडतं, शेजारच्या पेशींना लागतं, आणि त्या पेशींत स्टॅट नावाची प्रोटीन्स केंद्रकात जाऊन व्हायरसविरोधी शेकडो जीन्स चालू करतात. एवढी सगळी साखळी. रेबीजचं पी प्रोटीन, जेमतेम २९७ अमायनो आम्लांचं, ही साखळी दोन ठिकाणी तोडतं. एक तर आयआरएफ-३ चालूच होऊ देत नाही. आणि दुसरं, स्टॅट प्रोटीन्सना पेशीद्रवातच धरून ठेवतं, केंद्रकात जाऊ देत नाही, म्हणजे शेजाऱ्याने इंटरफेरॉन पाठवलं तरी निरोप आतपर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेत पी कमी बनेल असा बदल केलेला व्हायरस इंटरफेरॉनपुढे टिकाव धरत नाही, त्यावरून याचं वजन कळतं.

इथून पुढे अजून एक उलटा प्रकार आहे. आपल्याला वाटतं घातक व्हायरस म्हणजे पेशी फोडून टाकणारा. रेबीजचा घातक व्हायरस चेतापेशीला मारत नाही, जपतो. कारण त्याला पुढच्या चेतापेशीत जायचंय, आणि तो रस्ता म्हणजे दोन जिवंत चेतापेशींमधला सायनॅप्स. पेशी मेली तर रस्ता बंद. ग्लायकोप्रोटीन जास्त बनलं की पेशी आत्महत्या करते, अपॉप्टोसिस म्हणतात त्याला, म्हणून कुत्र्यांमध्ये फिरणारे घातक स्ट्रेन (म्हणजे व्हायरसचे वाण) ते बेताचंच बनवतात. प्रयोगशाळेत वाढवून सौम्य झालेले स्ट्रेन भरपूर बनवतात, पेशी मरतात, आवाज होतो, इम्यून सिस्टिम धावून येते आणि व्हायरस साफ होतो. मेंदूभोवतीचा जो रक्त-मेंदू अडसर आहे त्याचंही असंच, सौम्य स्ट्रेनने संसर्ग झाला तर तो अडसर सैल होतो आणि इम्यून पेशी, अँटीबॉडी आत येऊ शकतात, घातक स्ट्रेन मात्र तो बंदच ठेवतो. रक्तात कितीही अँटीबॉडी असोत, मेंदूत पोचत नाहीत. ज्या थोड्या टी-पेशी (इम्यून पेशींचाच एक प्रकार) पोचतात त्यांना बाधित चेतापेशींच्या पडद्यावर असे सिग्नल सापडतात की त्या टी-पेशीच मरतात.

लक्षणं दिसल्यावर लस का चालत नाही, याचं उत्तर हे आहे. लस नीट काम करते, अँटीबॉडी पण बनतात, पण व्हायरस पेशींच्या आत आणि पेशी अडसराच्या पलीकडे.

तेव्हा मेंदूत काय होतं? शवविच्छेदनात मेंदू बघितला तर इतक्या भयंकर आजाराच्या मानाने नुकसान आश्चर्य वाटावं इतकं कमी दिसतं. पेशी असतात, पण त्यांचं काम बिघडलेलं असतं, श्वास, गिळणं, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठाचं तर फारच. रुग्ण पाणी प्यायला गेला की घशाचे आणि श्वासाचे स्नायू जोरात आखडतात, इतकं दुखतं की पुढे नुसतं पाणी बघून, पंख्याचा वारा लागूनही तसंच होतं. तहान असते, पाणी मागतो पण, पिता येत नाही. हे ज्यांनी एकदा पाहिलंय ते विसरत नाहीत. साधारण पाचातल्या एका रुग्णात हा आक्रमक प्रकार दिसतच नाही, नुसता लकवा चढत जातो, आणि निदान चुकतं.

त्याच वेळी व्हायरस मेंदूतून उलटा निघतो, नसांमधूनच बाहेरच्या अवयवांकडे, आणि लाळग्रंथींत भरपूर वाढतो. गिळता येत नाही म्हणून लाळ तोंडात साठते, मेंदूच्या भावनांच्या भागात बिघाड झाल्याने कुत्रा विनाकारण चावतो, लाळेत व्हायरस आहे. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पुढचं जनावर. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणतात त्याचं शास्त्र हेच, लाळेत व्हायरस यायला लागतो तेव्हा मेंदूत तो आधीच पोचलेला असतो, त्यामुळे चावताना लाळेत व्हायरस असेल तर तो कुत्रा त्या दहा दिवसांत आजारी पडून मरतो. पण लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून, लस थांबवून नाही.

पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली तेव्हा त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं, व्हायरस त्याला कधी दिसलाच नाही. सशाच्या मज्जारज्जूत वाढवायचा, तो मज्जारज्जू सुकवत ठेवायचा, जितका जास्त सुकवलेला तितका सौम्य, आणि रोज थोडा ताजा टोचत जायचं. चावा आणि लक्षणं यांच्यामध्ये वेळ आहे, हे मात्र त्याने बरोबर ओळखलं. आपल्याकडची पोटातली चौदा इंजेक्शनं ही त्याच घराण्यातली, कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूत वाढवून फिनॉलने मारलेली लस काढली, ती दशकानुदशकं आपल्या सरकारी दवाखान्यांत चालली. तिच्यात मेंढीच्या मेंदूचं मायलिनही (चेतातंतूंवरचं वेष्टण) असायचं, आणि त्यामुळे काहींच्या स्वतःच्या चेतासंस्थेवरच इम्यून हल्ला व्हायचा, लकवे यायचे. भारतात ती २००४ मध्ये बंद झाली. आता पेशींच्या कल्चरमध्ये वाढवलेली लस असते, दंडात, चार-पाच डोस. तरी आजही चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने लोक दवाखाना टाळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं, ते संपलं, वीस वर्षं झाली.

ग्लायकोप्रोटीनबद्दल एक शेवटची गोष्ट. त्यातल्या ३३३ व्या जागेवर आर्जिनिन हे अमायनो आम्ल असतं. ते एक बदललं की पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूतही तो व्हायरस सहसा घातक राहत नाही. एवढ्या एका अक्षरावर पुढे तोंडाने द्यायच्या जिवंत लसी बनल्या, जंगली प्राण्यांसाठी. अशा तोंडी लसीची सुरुवात १९७८ मध्ये स्वित्झर्लंडला झाली होती, कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी जंगलात टाकली, आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज पुढच्या काही दशकांत जवळपास गेला. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी तर अजून वेगळी युक्ती केली, ग्लायकोप्रोटीनची जीनच काढून टाकलेला व्हायरस २००७ पासून वापरात आहे, तो एका चेतापेशीतून फक्त तिला थेट जोडलेल्या चेतापेशींत जातो आणि तिथे थांबतो, चमकणारं प्रोटीन घेऊन, त्यामुळे मेंदूत कोण कोणाला जोडलेलं आहे याचे नकाशे काढता येतात.

आपल्याकडे मुद्दा कुत्र्यांचा आहे, माणसातले ९९ टक्के रेबीज कुत्र्यांपासून येतात. जागतिक आरोग्य संघटना भारतात वर्षाला १८ ते २० हजार मृत्यू धरत आली, आयसीएमआरच्या अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणातून आकडा ५,७०० च्या आसपास आला. आकडा कमी निघाला ही चांगली गोष्ट, पण यातला प्रत्येक मृत्यू साबण, सिरम आणि लस वेळेवर मिळाली असती तर जवळपास नक्की टळला असता, आणि ज्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सिरम नाही म्हणून माणसाला पुढच्या गावाला पाठवतात तिथे हे आकडे बघून राग येतो. कुत्र्यांमध्ये हा रोग फार वेगाने पसरत नाही, एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच लागण करतो, म्हणून ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवलंय. गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरणाऱ्या टीम, लस दिली की कुत्र्यावर रंगाची खूण, मोबाइल अॅपवर नोंद, शाळांत जाऊन मुलांना माहिती, आणि कुत्र्यांमधल्या केसेस ९२ टक्क्यांनी कमी झाल्या, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्या सोसायटीतल्या, वाडीतल्या कुत्र्यांना कोणीतरी रोज खाऊ घालतंच, ती माणसं त्यांना जवळ घेऊ शकतात, पकडू शकतात. लसीकरणाची गाडी येईल तेव्हा त्यांनाच आधी बोलवा.